विहिरीचं पाणी आणि रोक्कोचा वारा

यामामुरा ताझाएमोन यांचे साकेचे दोन कारखाने होते. एक उओझाकीला, दुसरा निशिनोमियाला. ओसाकाच्या पश्चिमेला समुद्राकाठी वसलेली ही दोन गावं, एकमेकांपासून दोनेक तासांच्या चालीवर. दोन्हीकडे तांदूळ सारखा, रीत सारखी, हंगाम एकच. तरी दरसाल निशिनोमियाची साके उजवी ठरायची आणि उओझाकीची मागे राहायची. मालक एकच, त्यामुळे कोणी कोणाचं गुपित लपवत होतं असंही नाही. कोडं मात्र सुटत नव्हतं.

ताझाएमोन यांनी आधी माणसं बदलून पाहिली. इकडचा तोजी तिकडे पाठवला, तिकडचा इकडे आणला. तोजी म्हणजे साके करणाऱ्या चमूचा मुख्य कारागीर. हंगामभर कारखान्यात त्याचाच शब्द चालतो. तरीही फरक पडला नाही. तांदूळ तपासला, तिथेही काही हाती लागलं नाही. मग राहता राहिलं पाणी. निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी पिंपांत भरून त्यांनी उओझाकीला आणलं आणि त्या पाण्यावर साके केली. ती निशिनोमियाच्या तोडीची उतरली. हे साल 1840.

लुई पाश्चर यांचा किण्वनावरचा पहिला महत्त्वाचा निबंध 1857 चा आहे. आंबवण्याचं काम सजीव पेशी करतात की ती निव्वळ रासायनिक घडामोड आहे, यावर युरोपातले विद्वान 1840 च्या सुमाराला अजून वाद घालत होते. त्या काळात एका जपानी व्यापाऱ्याने एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं आहे तसं ठेवायचं, या शिस्तीने कारण शोधून काढलं. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, पाण्यात काय आहे ते सांगणारं कोणी नाही. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

त्या पाण्याला पुढे 'मियामिझु' हे नाव पडलं आणि त्याच्या जोरावर हा किनारा जपानचा सर्वांत मोठा साके-मुलूख झाला. त्याचं नाव नादा. आजही जपानातल्या साकेचा सुमारे पाव हिस्सा या पट्ट्यातून येतो.

पुढे जाण्याआधी एक खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडे साके म्हणजे तांदळाची गाळलेली दारू असं बरेच जण समजतात. साके गाळत नाहीत, आंबवतात. ती वाइन आणि बिअरच्या कुळातली आहे. भट्टीवर उकळून, वाफ थंड करून जी जपानी दारू करतात ती शोचू, आणि तिचा या लेखाशी संबंध नाही.

नकाशावर नादा शोधायचं तर कोबे शहराचा पूर्व भाग आणि त्याला लागून असलेलं निशिनोमिया शहर पाहावं. दक्षिणेला ओसाकाचा उपसागर, उत्तरेला रोक्को डोंगर, आणि दोहोंच्या मधे जेमतेम काही किलोमीटर रुंदीची सपाटी. या सपाटीवर पूर्व-पश्चिम सुमारे 12 किलोमीटर लांबीत पाच वस्त्या आहेत: इमाझु, निशिनोमिया, उओझाकी, मिकागे आणि सगळ्यात पश्चिमेची निशीगो. पाचही मिळून 'नादा-गोगो', म्हणजे नादाची पंचक्रोशी म्हणा ना. आज तिथे उड्डाणमार्ग आहेत, अपार्टमेंट आहेत, हान्शिन रेल्वेची लोकल दर काही मिनिटांनी धडधडत जाते. तरी वस्तीच्या मधेच एखादी काळपट लाकडी भिंत लागते, वर पांढरी गिलाव्याची पट्टी, आणि दारावर नव्या साकेची खूण म्हणून टांगलेला सुगी झाडाच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या, डहाळ्यांचा मोठा गोल चेंडू. नवी साके तयार झाली की तो हिरवागार टांगतात. महिन्यामहिन्याने तो तपकिरी होत जातो आणि आत साके मुरते आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं.

आता त्या पाण्याकडे. रोक्को हा ग्रॅनाइटचा डोंगर, उंची 931 मीटर. त्याच्यावर पडलेला पाऊस ग्रॅनाइटच्या भेगांतून आणि पायथ्याच्या वाळूतून झिरपत समुद्राकडे निघतो. निशिनोमियाच्या एका छोट्या टापूत जमिनीखालचे असे तीन प्रवाह एकत्र येतात. हा टापू पूर्वी समुद्राचा तळ होता. जुन्या वाळूच्या आणि शिंपल्यांच्या थरांतून वाहताना पाण्यात कॅल्शियम, पोटॅशियम, फॉस्फरस हे घटक उतरतात. तीनपैकी एक प्रवाह एबिसू या दैवताच्या देवळाच्या बाजूने येतो आणि त्यात प्राणवायू भरपूर असतो. बाकीच्या पाण्यातलं विरघळलेलं लोह त्या प्राणवायूशी संयोग पावतं, त्याचा साका बनून वाळूत अडकतो आणि विहिरीत येणारं पाणी जवळजवळ लोहमुक्त होतं.

साकेच्या धंद्यात लोह हा शत्रू. साके करायला जी बुरशी वापरतात तिच्यापासून तयार होणारं एक द्रव्य लोहाशी जोडलं गेलं की साकेला लालसर तपकिरी रंग चढतो आणि चव बिघडते. उलट फॉस्फरस आणि पोटॅशियम हे यीस्टचं खाद्य. ज्या पाण्यात खाद्य भरपूर आणि शत्रू जवळपास नाही, त्या पाण्यावर आंबवण्याची क्रिया जोमाने चालते, साखर मागे फारशी उरत नाही आणि साके कोरडी, ठसठशीत उतरते. जपानातलं बहुतेक पाणी मऊ असतं. त्या मानाने मियामिझु चांगलंच जड. क्योतोजवळच्या फुशिमीचं पाणी मऊ, तिथली साके गोडसर आणि नाजूक. म्हणून जुन्या काळापासून नादाच्या साकेला पुरुषी आणि फुशिमीच्या साकेला बायकी म्हणायची पद्धत आहे. उपमा जुन्या वळणाची आहे, पण फरक खरा आहे आणि तो मुळात पाण्याचा आहे. नादाच्या साकेचा आणखी एक गुण सांगतात. हिवाळ्यात ती जरा करकरीत लागते, पण उन्हाळाभर मुरून शरद ऋतूत तिची चव खुलते.

ताझाएमोन यांचा शोध लपून राहिला नाही. शेजारच्या कारखानदारांनी आधी दुरून गंमत पाहिली आणि मग तेही पिंपं घेऊन निशिनोमियाला येऊ लागले. ज्यांच्या जमिनीत ते पाणी लागत होतं त्यांनी विहिरी खोदून पाणी विकायला सुरुवात केली. या विहिरी खोल नाहीत, पाचेक मीटरवर पाणी लागतं. नुसतं पाणी विकून घर चालवणारे लोक तिथे तयार झाले, आणि पाण्याच्या पिंपांनी लादलेल्या गाड्या व होड्या किनाऱ्याने जाऊ-येऊ लागल्या.

पण पाण्याचा शोध लागायच्या आधीच नादा पुढे येऊ लागला होता. त्याआधी साकेचं मोठं नाव होतं ते इतामीचं, थोडं आत, आजच्या ओसाका विमानतळाजवळचं. यामामुरा घराणंही मूळचं इतामीकडचं. 1625 पासून साके करणारं हे कुटुंब 1717 मध्ये उओझाकीला येऊन स्थिरावलं. किनाऱ्यावर येण्याची कारणं दोन: डोंगरावरचे ओढे आणि समुद्र.

रोक्कोवरून समुद्रात उतरणाऱ्या नद्या आखूड आणि अतिशय तीव्र उताराच्या आहेत. सुमियोशी, अशिया, इशिया या नद्यांच्या काठी पाणचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. एरवी साकेचा तांदूळ पायाने उखळ चालवून सडायचे. पाणचक्की दिवसरात्र न थकता चालते, तांदूळ कितीतरी अधिक सडला जातो, आणि साकेत याला फार महत्त्व आहे. दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि स्निग्धांश असतात. त्यांनी साकेला उग्रपणा येतो. स्टार्च असतो गाभ्यात. आजची साधी चांगली साके करताना दाण्याचा साधारण तीस टक्के भाग खरवडून टाकतात. 'गिंजो' म्हणवायचं तर निदान चाळीस टक्के गेला पाहिजे आणि 'दाइगिंजो'साठी अर्धा. पायाच्या उखळावर असा तांदूळ सडणं केवळ अशक्य होतं. नादाने ओढ्याच्या जोरावर या वाटेवरचं पहिलं मोठं पाऊल टाकलं.

हिवाळ्यात रोक्कोवरून समुद्राकडे थंड, कोरडा वारा सुटतो. त्याला 'रोक्को ओरोशी' म्हणतात. (हान्शिन टायगर्स या बेसबॉल संघाचं गाणं याच नावाने ओळखलं जातं आणि संघ जिंकला की सगळं स्टेडियम ते गातं. बऱ्याच जपानी तरुणांना हा वारा माहीत आहे तो त्या गाण्यामुळे.) साकेला थंडी हवी असते. उष्म्यात नको ते जंतू माजतात आणि यीस्ट बेफाम धावतं. थंडीत सगळं सावकाश, ताब्यात राहतं. म्हणून नादातले कारखाने वाऱ्याचा विचार करून बांधलेले असत. साकेच्या अशा इमारतीला 'कुरा' म्हणतात. पूर्व-पश्चिम लांब पसरलेल्या दोन इमारती एकमेकींना खेटून: उत्तरेची मोठी, जिच्यात साके आंबते आणि मुरते, दक्षिणेची पुढची, जी ऊन अंगावर घेते. उत्तरेच्या भिंतीला खिडक्या, त्या उघडल्या की रोक्कोचा वारा थेट पिंपांवर. विजेवर चालणारं यंत्र नव्हतं तेव्हाची ही वातानुकूलन व्यवस्था.

या कुरात राबणारी माणसं मात्र नादाची नव्हती. रोक्कोच्या पलीकडे, उत्तरेला डोंगरांनी वेढलेला तांबा नावाचा मुलूख आहे, मुख्य गाव सासायामा. भातशेती करणारा, थंडीत बर्फाने अडकून पडणारा. तिथले शेतकरी भाताची कापणी उरकली की गटागटाने डोंगर ओलांडून नादाला यायचे आणि वसंतात पेरणीच्या आत परतायचे. या हंगामी मजुरीला 'शंभर दिवसांची कमाई' असं नाव होतं. सासायामाच्या जहागीरदाराला हे पसंत नव्हतं, कारण माणसं बाहेर गेली की शेतसाऱ्यावर परिणाम होईल अशी धास्ती. 1800 च्या सुमाराला इचिहारा गावच्या सेइबेई नावाच्या शेतकऱ्याने थेट सत्ताधाऱ्यांकडे दाद मागितली आणि त्यापायी तुरुंगवास सोसला. तांबाच्या लोकांना हंगामी मजुरीला जाण्याची मोकळीक मिळाली ती त्याच्यामुळे, असं तिथले लोक आजही मानतात. नादाच्या साकेचा इतिहास मालकांच्या घराण्यांच्या नावांनी भरलेला आहे, पण हात तांबाच्या शेतकऱ्यांचे होते, हे विसरून चालणार नाही.

त्यांचा दिवस कसा जायचा ते पाहू. बरीचशी रीत आजही काही कुरांत तशीच आहे.

पहाटे, अंधारातच, तांदूळ वाफवायला लावतात. तो आदल्या दिवशी धुऊन भिजवलेला असतो, आणि भिजवण्याची वेळ उंची साकेसाठी सेकंदांत मोजतात. तासाभराने झाकण काढलं की छताला भिडणारी वाफ निघते. तोजी मूठभर गरम तांदूळ तळहातावर घेतो, दुसऱ्या हाताने रगडून त्याची चपटी चकती करतो आणि ती उजेडासमोर धरतो. दाणा बाहेरून कोरडा आणि आतून मऊ शिजला असेल तर चकती लवचीक, एकसारखी पारदर्शक दिसते. कुठे पांढरा ठिपका दिसला तर आतला दाणा कच्चा. भात म्हणून खायला हा तांदूळ निकामी, फार टणक. बुरशीला मात्र असाच लागतो.

त्यातला काही तांदूळ थेट पिंपात जातो आणि काही कोजीच्या खोलीत. ही खोली देवदाराच्या फळ्यांनी आतून मढवलेली, तीसेक अंश तापमानाची, दमट. बाहेर बर्फाळ वारा आणि आत कामगार उघड्या अंगाने. लांब टेबलावर कापड अंथरून त्यावर तांदूळ पातळ पसरतात आणि वरून एका बुरशीचे हिरवट बीजाणू चाळणीतून धुळीसारखे भुरभुरतात. शास्त्रीय नाव ॲस्परजिलस ओरायझी. सोया सॉस आणि मिसो हेही तिच्यावाचून होत नाहीत. जपानच्या मद्यनिर्मिती संस्थेने 2006 मध्ये तिला राष्ट्रीय बुरशीचा मान दिला आहे. मग तांदूळ गोळा करून कापडात गुंडाळायचा, काही तासांनी फोडून मोकळा करायचा, लहान लाकडी तबकांत वाटायचा आणि रात्रभर दर काही तासांनी उठून तबकांची जागा बदलायची, कारण बुरशी वाढताना स्वतःच उष्णता सोडते आणि वरचं तबक तापतं तसं खालचं तापत नाही. साधारण दोन दिवसांनी दाण्यावर पांढरी लव दिसते आणि खोलीत भाजलेल्या चेस्टनटसारखा वास भरतो. एक दाणा तोंडात टाकला तर गोड लागतो. हीच कोजी.

गोडी आली कुठून? यीस्टला साखर लागते आणि तांदळात असतो स्टार्च, जो यीस्टला खाता येत नाही. द्राक्षात साखर आयती असते, म्हणून वाइनचं काम सरळ. बिअरमध्ये आधी मोड आणलेल्या बार्लीतला स्टार्च फोडून साखर करून घेतात आणि मग यीस्ट घालतात, म्हणजे दोन पायऱ्या, एकीमागून एक. साकेत कोजीची विकरं स्टार्चची साखर करत असतात आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचं मद्य करत असतं. एकदम फार साखर साचत नाही, त्यामुळे यीस्ट गुदमरत नाही आणि काम चालू ठेवतं. म्हणूनच भट्टीवर न गाळताही साकेत वीस टक्क्यांपर्यंत मद्यार्क तयार होतो. निव्वळ आंबवून इतकी मजल जगात फार थोड्या पेयांनी मारली आहे.

पण मोठ्या पिंपाला हात घालण्याआधी लहान पिंपात यीस्टची भरपूर पैदास करून घ्यावी लागते. हे साकेचं विरजण. जुन्या रीतीत, 'किमोतो' म्हणतात तिला, तांदूळ, कोजी आणि पाणी लाकडी भांड्यात घालून ऐन थंडीच्या रात्री लांब दांड्यांनी रगडतात. मग निसर्गातले लॅक्टिक जंतू येतात, मिश्रण आंबट करतात, त्या आंबटपणात उपटसुंभ जंतू मरतात आणि मैदान मोकळं झाल्यावर यीस्ट वाढतं. याला साधारण महिना लागतो. 1910 च्या सुमाराला लॅक्टिक आम्ल थेट वरून घालायची रीत निघाली आणि तेच काम निम्म्या दिवसांत होऊ लागलं. देशभर बहुतेकांनी ती उचलली. नादातल्या किकुमासामुने आणि केंबिशी या दोन जुन्या घरांनी मात्र किमोतोसारख्या कष्टाच्या रीती जपून ठेवल्या आहेत, आणि त्यांच्या साकेला जो भारदस्तपणा आहे त्याचं श्रेय मी बऱ्याच अंशी या विरजणाला देईन.

घड्याळं नव्हती तेव्हा रगडण्याची वेळ गाण्यांनी मोजायचे. इतकी कडवी झाली की थांबायचं. तांदूळ धुण्याचं गाणं वेगळं, रगडण्याचं वेगळं. थंडीत झोप उडावी, हात एका लयीत पडावेत आणि घरापासून दूर असलेल्या माणसांना सोबत वाटावी, हे सगळं त्या गाण्यांत साधत असे. विरजण तयार झालं की मोठ्या पिंपात तांदूळ, कोजी आणि पाणी चार दिवसांत तीन हप्त्यांनी वाढवत नेतात, मधला एक दिवस यीस्टला विसाव्याचा. त्यानंतर तीन-चार आठवडे ते थंडीत सावकाश बुडबुडतं, मग दाबून साके वेगळी काढतात आणि पासष्ट अंशांच्या आसपास तापवून टिकाऊ करतात. तापवण्याची ही युक्ती जपानात सोळाव्या शतकापासून लेखी नोंदलेली आहे. पाश्चर यांच्या तीनशे वर्षं आधी.

तयार साके जायची एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला. अठराव्या शतकात एदो हे जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं, सामुराई आणि कारागिरांनी गजबजलेलं, आणि साकेची तहान असलेलं. रस्त्याने घोड्यावर दोनच पिंपं जात. समुद्राने जहाजभर. नारा प्रांतातल्या योशिनोच्या देवदाराची पिंपं, खिळा किंवा गोंद न वापरता बांबूच्या कड्यांनी आवळलेली, एकेका पिंपात सुमारे 72 लिटर. 1730 पासून फक्त साके वाहणाऱ्या जहाजांचा वेगळा ताफाच निघाला. दर हंगामात नव्या साकेची पहिली खेप घेऊन जहाजांची शर्यत लागायची. 1790 मध्ये एका जहाजाने निशिनोमिया ते एदो हे अंतर 58 तासांत कापल्याची नोंद आहे. पहिल्या आलेल्या जहाजाचा थाट मोठा असे आणि त्याच्या साकेला चढा भाव मिळे. वाटेत हिंदकळत जाणाऱ्या साकेत देवदाराचा वास उतरायचा. एदोपर्यंत जाऊन, फुजी पर्वत पाहून परत आलेली साके अधिक रुचकर लागते, असं मानून पश्चिमेचे शौकीन काही पिंपं मुद्दाम परत मागवून घ्यायचे.

त्या जहाजांना रात्री बंदर दिसावं म्हणून इमाझुला 1810 मध्ये एक लाकडी दीपस्तंभ उभारला गेला, तोही ओझेकी या साके-घराण्याच्या खर्चाने. 1858 मध्ये पुन्हा बांधलेला तो दीपस्तंभ अजून उभा आहे आणि अजून लागतो. पूर-नियंत्रणाच्या कामासाठी 2023 मध्ये त्याला समोरच्या काठावर हलवलं, पण कायमचं विझवलं नाही.

साकेच्या पैशाने या किनाऱ्याला आणखी काय काय दिलं, ते पाहिलं तर थक्क व्हायला होतं. ज्युदोचे जनक कानो जिगोरो 1860 मध्ये मिकागेला साके-व्यावसायिकांच्या कानो घराण्यात जन्मले. किकुमासामुने आणि हाकुत्सुरू ही कानो घराणी आणि यामामुरा घराणं यांनी मिळून 1927 मध्ये नादा शाळा काढली. जिगोरो तिचे सल्लागार होते. आज ती देशातल्या सर्वांत अवघड प्रवेशपरीक्षांच्या शाळांत गणली जाते. हाकुत्सुरूच्या मालकांनी 1934 मध्ये कलासंग्रहालय उघडलं. आणि यामामुरांनी? आठव्या ताझाएमोन यांनी अशिया शहरातल्या टेकडीवर आपल्या बंगल्याचा आराखडा फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुविशारदाकडून करून घेतला. 1924 मध्ये पुरा झालेला हा बंगला आज राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता आहे. याच घराच्या साकेतून 1906 मध्ये वेगळं काढलेलं यीस्ट 'क्रमांक एक' म्हणून देशभरच्या साके-उत्पादकांना वाटलं गेलं. साकुरामासामुने हे त्यांच्या साकेचं नाव. आधी नुसतं 'मासामुने' होतं, पण ते इतक्यांनी उचललं की 1884 च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या वेळी ते कोणा एकाचं राहिलंच नव्हतं. म्हणून पुढे साकुरा, म्हणजे चेरीचं फूल, जोडावं लागलं. पाणी, यीस्ट आणि नाव, तिन्ही गोष्टी या घराकडून साऱ्या धंद्याकडे गेल्या.

तांदळाचीही गोष्ट अशीच शेजारच्या मुलखाची. रोक्कोच्या मागे मिकी आणि कातो भागात, चिकणमातीच्या खाचरांत, जिथे दिवस उबदार आणि रात्री गार असतात, यामादा निशिकी नावाचा साकेचा तांदूळ पिकतो. इथल्या ह्योगो प्रांताच्या कृषी संशोधन केंद्राने 1923 मध्ये संकर करून 1936 मध्ये त्याला हे नाव दिलं. दाणा मोठा, मधोमध पांढरा अपारदर्शक गाभा, ज्यात बुरशीचे तंतू सहज शिरतात. पण रोप उंच वाढतं आणि वाऱ्यापावसात आडवं होतं, त्यामुळे शेतकऱ्याची परीक्षा. इथल्या काही गावांचे नादातल्या ठरावीक कारखान्यांशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पिढीजात करार आहेत. वाईट सालातही कारखाना तांदूळ उचलतो आणि चांगल्या सालातही गाव तो दुसऱ्याला विकत नाही.

विसावं शतक नादाला सोपं गेलं नाही. 1945 च्या बॉम्बहल्ल्यांत जुन्या कुरा जळाल्या. युद्धानंतर तांदळाची टंचाई, म्हणून साकेत बाहेरून मद्यार्क, साखर आणि आम्ल घालून ती तिप्पट करायची रीत 1949 पासून सुरू झाली. टंचाई संपली, पण ती रीत कित्येक दशकं राहिली. नादातल्या मोठ्या कंपन्या देशभरच्या लहान कुरांकडून साके विकत घेऊन आपल्या नावाने बाटलीत भरत. खप वाढला, 1973 च्या सुमाराला शिखरावर पोचला आणि मग उतरू लागला, तो आज त्या वेळच्या पाव हिस्स्याच्या आसपास आला आहे. शौकीन लोक लहान गावांतल्या लहान कुरांकडे वळले आणि 'नादाची साके' म्हणजे कारखान्याचा माल, असा शिक्का बसला. हा शिक्का काही अंशी नादाने स्वतःच ओढवून घेतला, असं माझं मत आहे. पण तो सरसकट मारणं अन्यायाचं होईल, कारण त्याच पट्ट्यात, त्याच काळात, किमोतो रगडणारी आणि देवदाराची पिंपं स्वतः बनवणारी घरंही टिकून होती.

मग 17 जानेवारी 1995. पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला, सहा हजार चारशेहून अधिक माणसं गेली. तो साकेच्या हंगामाचा मध्य होता. युद्धातून वाचलेल्या लाकडी कुरा एकामागून एक कोसळल्या. काही लहान व्यावसायिकांना पुन्हा उभं राहता आलं नाही. जे राहिले त्यांनी काँक्रीटच्या इमारती बांधल्या आणि जिथे जमलं तिथे जुन्या तुळया, पिंपं आणि अवजारं गोळा करून संग्रहालयं केली. जुन्या नादाचं रस्त्यावर दिसणारं रूप त्या एका पहाटे बहुतेक संपलं.

विहिरी मात्र आहेत. समुद्राचं खारं पाणी आत सरकत गेल्यामुळे त्यांना पूर्वी जागा बदलून उत्तरेकडे जावं लागलं होतं. शहर वाढलं, तसा इमारतींच्या खोल पायांचा आणि तळघरांचा धोका वाढला. तीन भूमिगत प्रवाह ज्या मोजक्या टापूत मिळतात, तिथे एक चुकीचा पाया पुरे. बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या साके-कंपन्या यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच एकत्र आल्या. त्या भागात बांधकाम काढायचं तर आधी त्यांच्याशी विचारविनिमय होतो, पाण्याची तपासणी होते आणि गरज पडली तर आराखडा बदलतात. निशिनोमिया शहरानेही आता त्यासाठी स्वतंत्र नियम केला आहे. 2018 मध्ये 'नादा-गोगो' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2024 मध्ये कोजीवर आधारित साके बनवण्याची जपानी विद्या युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. हे सन्मान आनंदाचे आहेत. पण पाणी वाचलं ते त्यांच्यामुळे नव्हे. ते वाचलं आहे शंभरेक वर्षं टिकवलेल्या शेजारधर्मामुळे.

जपानला जाणं झालंच तर ओसाकाच्या उमेदा स्थानकावरून हान्शिन रेल्वेने निशिनोमियाला उतरा. दक्षिणेकडे दहा-पंधरा मिनिटं चाललं की कुंपणात जपलेल्या, झाकण घातलेल्या विहिरी लागतात, आणि एका विहिरीपाशी मियामिझुचं उगमस्थान सांगणारी शिळा उभी आहे. तिथून पुन्हा लोकल पकडून उओझाकी, सुमियोशी किंवा मिकागेला उतरलात तर साकुरामासामुने, हाकुत्सुरू आणि किकुमासामुने यांची संग्रहालयं पायी फिरण्याच्या अंतरात आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत जा, तेव्हा रोक्कोचा वारा अंगावर घेता येतो. साके चाखायची असेल तर गाडी चालवू नका, जपानचा कायदा त्याबाबत फार कडक आहे. चाखायची नसेल तरीही विहिरी जरूर पाहा.